खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि मध्ये एकच जिना

चिखलीचं पूर्णानगर, छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतला दाणा बाजार आणि चेंबूरची सिद्धार्थ कॉलनी. ऑगस्ट २०२३, एप्रिल २०२४ आणि ऑक्टोबर २०२४. तिन्ही आगी पहाटेच्या. तिन्ही ठिकाणी खाली दुकान आणि वर, किंवा दुकानातल्याच माळ्यावर, झोपलेलं कुटुंब. चिखलीत हार्डवेअरच्या दुकानात चौघं गेली, संभाजीनगरात शिवणकामाच्या दुकानावर राहणारी सात आणि चेंबूरला सात. सव्वा वर्षाच्या आत अठरा माणसं, आणि त्यात लहान मुलंही.

यातली एकही इमारत उंच नव्हती. कुठेही वीस-बावीस मजले चढायचे नव्हते. आणि तरीही आपल्याकडे शहराच्या अग्निसुरक्षेची चर्चा निघाली की ती पहिल्यांदा जाते शिडीकडे. मुंबईकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी आहे, मग पुण्याकडे किती मीटरची, ठाण्याकडे आहे का, नवी कधी येणार. शिडी दिसते, तिचं लोकार्पण करता येतं, तिच्यासमोर नारळ फोडता येतो. शिडी नको असं मी म्हणत नाही. टॉवर वाढत आहेत तर त्या लागणारच. पण सिद्धार्थ कॉलनीसारख्या वस्तीत माणूस पहिल्या मजल्यावर, जमिनीपासून दहा-बारा फुटांवर अडकतो. तिथे ९० मीटरच्या शिडीचा काय उपयोग? तिचं वाहन त्या गल्लीच्या तोंडाशीसुद्धा वळत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या महापालिकांनी अग्निशमन दलाला आग विझवणारी यंत्रणा करून ठेवलं आहे. तिला आधी घरोघरी जाणारी यंत्रणा करायला हवं. बंब वेळेत येईल की नाही यापेक्षा बंब येईपर्यंत माणूस घराबाहेर पडू शकेल की नाही, यावर मनुष्यबळ आणि पैसा खर्च व्हायला हवा. आणि याची सुरुवात टॉवरपासून न करता दुकानावरच्या बिऱ्हाडांपासून व्हायला हवी.

या घरांची रचना डोळ्यांसमोर आणा. तळाला दहा बाय बाराचं दुकान. पुढे शटर, रात्री आतून किंवा बाहेरून बंद. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातून किंवा कडेच्या अरुंद बोळातून वर जाणारा लोखंडी नाहीतर लाकडी जिना. जिन्याच्या तोंडाशी विजेचा मीटर, कारण तिथेच भिंत मोकळी होती. मीटरखाली मालाची खोकी. हल्ली त्यात भर म्हणून चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर, कारण बाहेर लावली तर चोरीला जाईल. वरच्या खोलीला एक खिडकी, तिला जाळी, आणि जाळी भिंतीत पक्की बसवलेली. चोर आत येऊ नये म्हणून केलेला हा सगळा बंदोबस्त आतल्यांनाही बाहेर पडू देत नाही.

आता आग कशी वागते ते पाहा. ती लागते खाली, मीटरपाशी किंवा मालात. ज्वाळा वर पोहोचायला वेळ लागतो, धुराला लागत नाही. जिना हा त्याच्यासाठी धुराडंच असतो. प्लास्टिक, फोम, रंग, थिनर, सिंथेटिक कापड जळताना निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि झोपेतल्या माणसाला त्याचा वासही येत नाही. जाग आली तरी काही श्वासांत पायांतलं बळ जातं. संभाजीनगरच्या घटनेत तर आग वरच्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, तिथल्या माणसांचा जीव गुदमरून गेला. मुंबईत कमला मिलमधल्या पबच्या आगीत २०१७ च्या डिसेंबरात १४ जण मेले, त्यांतले बहुतेक स्वच्छतागृहात गुदमरून मेलेले सापडले. म्हणजे हातात असतात ती मोजकी मिनिटं. त्या मिनिटांत जगातलं कुठलंही अग्निशमन दल पोहोचत नाही. मुंबईचं दल वर्दी, म्हणजे आगीची खबर, मिळाल्यावर झटपट निघतं, याबद्दल शंका नाही. पण वर्दी द्यायलाच कुणीतरी जागं असावं लागतं, आणि पहाटे चार वाजता ते सहसा नसतं.

यावर कायदा नाही का? आहे, आणि बऱ्यापैकी चांगला आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी या कायद्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून घ्यायची आणि तसं प्रमाणपत्र मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं. सोसायटीवाले ज्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात तो हाच. इमारत धोकादायक वाटली तर ती रिकामी करायला लावण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे अधिकारही कायद्यात आहेत. कागदावर यापेक्षा जास्त काय हवं?

गडबड दोन ठिकाणी आहे. पहिली अशी की तपासणारी एजन्सी सोसायटीच नेमते आणि पैसेही सोसायटीच देते. ज्याने आपल्याला काम दिलं त्यालाच नापास करणारा एजंट शोधून सापडणं कठीण. दुसरी गडबड अधिक खोल आहे. ही सारी रचना मुख्यतः उंच, मोठ्या, परवानगी घेऊन उभ्या राहिलेल्या इमारतींभोवती विणलेली आहे. जिथे पंप आहे, हायड्रंट आहे, स्प्रिंकलर आहे, तिथे त्यांची तपासणी. जिथे मुळात काहीच नाही तिथे तपासणार काय? दुकानावरच्या बिऱ्हाडाला फॉर्म बी नावाचा काही प्रकार असतो हेच ठाऊक नसतं, आणि अग्निशमन दलाला ते बिऱ्हाड तिथे आहे हे ठाऊक नसतं. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीतून मोकळं केलं, त्यांनी ऑनलाइन सूचना दिली की झालं. छोट्या व्यापाऱ्याच्या मागची इन्स्पेक्टरची कटकट गेली ते बरंच झालं. पण त्या दुकानाचं दार वाजवणारा सरकारी माणूसही त्याबरोबर कमी झाला, आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही.

मोठ्या इमारतींत तरी सगळं ठीक चाललंय असं समजू नका. कुठल्याही सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा घ्या. लिफ्टचं नूतनीकरण, रंगकाम, गेटवरचा सीसीटीव्ही, पार्किंगचे वाद यांत दोन तास जातात. आगीच्या पंपाचा विषय शेवटून दुसरा, चहा येण्याच्या बेतात. “काका, पंप तर चालू आहे ना?” “चालू असेल की, गेल्या वर्षी लावून बघितला होता.” “मग कशाला खर्च? आग काय रोज लागते का?” ठराव पुढच्या सभेवर जातो. जिन्यातल्या लाल सिलिंडरवरच्या चिठ्ठीची तारीख कधीच उलटलेली असते. त्याच जिन्यात चपलांचे स्टँड, मुलांच्या सायकली, कुणाचा तरी जुना दिवाण. गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी गावाला. ताडदेवच्या सचिनम हाइट्सला जानेवारी २०२२ मध्ये आग लागली तेव्हाही इमारतीतली यंत्रणा चालत नसल्याचा मुद्दा पुढे आला होता. महापालिकेला शिव्या घालताना आपण आपल्याच जिन्यातला दिवाण सोयीस्करपणे विसरतो.

गोरेगावच्या झोपडपट्टी पुनर्वसनातल्या इमारतीत ऑक्टोबर २०२३ मध्ये किमान सात माणसं मेली. तिथेही आग लागली तळाला, उभी वाहनं आणि साठवलेल्या चिंध्या-कापडांत. रचना पुन्हा तीच, फक्त जास्त मजल्यांची: खाली जळाऊ माल, वर झोपलेली माणसं, धूर जिन्यातून वर. झोपड्यांतून उचलून लोकांना पक्क्या इमारतीत आणलं, पण ते ज्या धंद्यावर जगतात तो धंदा कुठे करायचा याचा विचार पुनर्वसनाच्या आराखड्यात नव्हता. मग तो जिन्याखाली आला. यात त्या माणसांना दोष देऊन काय साधणार?

प्रत्येक मोठ्या आगीनंतर आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम होतो. मंत्री भेट देतात, मदत जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते आणि राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघतात. २०२१ हे वर्ष आठवून पाहा. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात दहा बाळं गेली. सगळा महाराष्ट्र हळहळला, रुग्णालयांच्या ऑडिटचे आदेश निघाले. मार्चमध्ये भांडुपच्या ड्रीम्स मॉलमधल्या रुग्णालयाला आग लागली. एप्रिलमध्ये विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात तेरा रुग्ण मेले. नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा. आदेश निघाल्यानंतर दहा महिन्यांत निदान तीन वेळा. आणि यातली दोन रुग्णालयं सरकारची स्वतःची! कायद्याच्या भाषेत इथे मालक आणि भोगवटादार म्हणजे शासनच. खासगी सोसायटीला नोटीस धाडता येते, पण शासनाने शासनाला नोटीस कशी द्यायची, आणि दिलीच तर वीज-पाणी कुणाचं तोडायचं? वरातीमागून घोडं हे तर खरंच, पण इथे घोडंही दरवेळी तेच आणि वरातही तीच.

कमला मिलनंतर मुंबई महापालिकेने तपासणीसाठी फायर कम्प्लायन्स सेल सुरू केले. कल्पना अगदी बरोबर होती: आग विझवणाऱ्यांपासून आग टाळणाऱ्यांचं काम वेगळं करायचं. पण अशा कक्षांची पहिली नजर हॉटेलं, पब, मॉल यांच्यावर जाणं स्वाभाविक आहे, कारण त्या वेळी बातमी तिथे होती. आणि मुंबईबाहेरच्या बहुतेक महापालिकांत तर असला वेगळा माणूसच नसतो. जो अधिकारी सकाळी ना हरकत दाखल्याच्या फायली बघतो तोच दुपारी वर्दीवर जातो. लहान नगरपरिषदांत एक बंब, एक चालक आणि दोन-तीन कंत्राटी माणसं असली तरी ते शहर सुदैवी म्हणायचं.

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा महापालिकांच्या कामांत लिहिलेली आहे. म्हणजे हा जाब नगरसेवकाला विचारायचा प्रश्न. पण २०२२ पासून बरीच वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिका प्रशासकांच्या ताब्यात होत्या. चिखली, संभाजीनगर आणि चेंबूर या तिन्ही आगी त्याच काळातल्या. त्या वॉर्डांत लोकांनी निवडून दिलेला, ज्याच्या घरी सकाळी जाऊन बसता येईल असा माणूसच नव्हता. नगरसेवक असता तर आग टळली असती असा दावा मी करत नाही. प्रश्न विचारला गेला असता, इतकंच.

मग करायचं काय? पहिलं काम यादीचं. दुकानावर राहणारी कुटुंबं शोधायला नवा सर्व्हे, नवं अ‍ॅप, नवा सल्लागार काही नको. महापालिकेच्या कर आकारणी विभागाकडे कुठल्या मिळकतीत तळाला व्यापारी आणि वर निवासी वापर आहे हे नोंदलेलं असतं, कारण दोन्हींचे दर वेगळे. वीज कंपनीकडे एकाच पत्त्यावर एक व्यापारी आणि एक घरगुती जोडणी असल्याची नोंद असते. या दोन याद्या एकमेकींवर ठेवल्या की निम्मं काम झालं. अनधिकृत आणि झोपडपट्टीतली घरं यातून निसटतील. तिथे आशा सेविकांना आणि घनकचऱ्याच्या मुकादमांना गल्ली न् गल्ली माहीत असते, त्यांना सोबत घ्यावं.

दुसरं काम भेटीचं, आणि भेट जवानाने द्यावी. परवाना तपासणारा इन्स्पेक्टर दारात दिसला की शटर अर्धं खाली येतं, हा आपला अनुभव. अग्निशमन दलाच्या जवानाबद्दल मात्र अजूनही लोकांच्या मनात आदर आहे. मांजर अडकलं, झाड पडलं, नाल्यात कुणी वाहून गेलं तरी आपण त्यालाच बोलावतो. त्याने पंधरा मिनिटं घरात यावं. मीटर जिन्याच्या तोंडाशी आहे का, गळती झाल्यावर वीज तोडणारं आरसीसीबी बसवलंय का, स्कूटर कुठे चार्ज होते, थिनर आणि रंगाचे डबे कुठे ठेवलेत, जाळीला आतून उघडणारी झडप आहे का, गच्चीवर किंवा शेजारच्या पत्र्यावर उतरता येतं का, शटरची किल्ली रात्री कुठे असते, हे बघावं. बॅटरीवर चालणारं धुराचा इशारा देणारं यंत्र छताला लावून द्यावं. इंग्लंडमध्ये अग्निशमन दलाची माणसं घरी येऊन अशी तपासणी मोफत करतात, जास्त धोका असलेल्या घरांत असं यंत्रही बसवून देतात. आपल्याला ते परवडणार नाही असं म्हणणाऱ्यांनी एका उंच शिडीच्या किमतीत अशी किती यंत्रं येतील याचा हिशोब एकदा करून पाहावा.

यावर दोन आक्षेप हमखास येतील आणि दोन्ही खोटे नाहीत. एक, तपासणी म्हणजे हप्ता. दारावर येणाऱ्या प्रत्येक सरकारी माणसाबरोबर एक नवा दर येतो, हे छोटा दुकानदार अनुभवाने जाणतो. म्हणून पहिल्या भेटीत दंडाचा अधिकारच नसावा. जवानाने लिहून दिलेला कागद दुकानदाराकडे राहावा, त्याची प्रत केंद्राकडे जावी आणि पुढच्या भेटीपर्यंत दुरुस्तीला मुदत असावी. त्याचबरोबर मोठ्या इमारतींचे फॉर्म बी सगळ्यांना बघता येतील असे प्रसिद्ध करावेत: कुठल्या इमारतीने दिला, कुठल्या एजन्सीने दिला, शेवटचा कधी दिला. फ्लॅट विकत घेणारा, भाड्याने घेणारा, मुलाला कोचिंग क्लासला पाठवणारा बाप, यांना ते एका मिनिटात कळलं पाहिजे. एजन्सीने पास केलेल्या इमारतीचा पंप आगीच्या दिवशी बंद निघाला तर त्या एजन्सीचं नावही त्याच यादीत दिसेल. ही लाज पुष्कळ काम करेल असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप गरिबीचा. दहा बाय बाराच्या जागेत दुसरा जिना कुठून काढणार? नाहीच निघणार. पण जाळीची एक चौकट बिजागरीवर बसवायला वेल्डर अर्धा दिवस घेतो. खिडकीखाली गुंडाळून ठेवलेली दोराची शिडी जागा खात नाही. स्कूटर रात्री गल्लीत लावायची तर चोरीची भीती आहे, हे खरं. मग वस्तीतल्या एखाद्या मोकळ्या कोपऱ्यात महापालिकेने किंवा वीज कंपनीने सामायिक चार्जिंगची सोय करावी, तीही कुलूप लावता येईल अशी. हा खर्च त्या कुटुंबावर टाकण्याचं काही कारण नाही. उरुळी देवाचीला मे २०१९ मध्ये साड्यांच्या दुकानात झोपलेले पाच कामगार मेले, दाराला बाहेरून कुलूप होतं. तिथे गरिबीचा संबंध नव्हता. कुलूप मालकाचं होतं. दुकानात, कारखान्यात कामगार झोपवून बाहेरून कुलूप लावणाऱ्याला मात्र पहिल्या भेटीची सवलत नको, तिथे थेट गुन्हाच दाखल व्हावा.

जवानांच्या बाजूनेही याकडे बघायला हवं. काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये मे २०१५ मध्ये आग लागली, इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. दलाचा प्रमुख स्वतः आत जातो यातलं शौर्य आपण गौरवलं, आणि ते योग्यच होतं. पण जुनी इमारत, अरुंद गल्ली आणि सगळीकडे भरलेला माल असं काळबादेवीत काही एकाच ठिकाणी नव्हतं, आजही नाही. ज्या इमारतीचा आतला नकाशा दलाला ठाऊक नाही, तिथे शिरणारा जवान आंधळ्यासारखा शिरतो. आधीच्या भेटीत कुणी जिना पाहिला असेल, कुठे माळा आहे, कुठे गॅसच्या टाक्या आहेत हे टिपून ठेवलं असेल, तर तोच कागद वर्दीच्या रात्री त्याचा जीव वाचवतो. भेटी देणं म्हणजे कार्यालयीन काम, जवानांना त्यात गुंतवू नका, असं दलातलेही काही म्हणतील. पण ते काम शेवटी त्यांच्याच उपयोगी पडणार आहे.

मनुष्यबळ कुठून आणायचं? भरती रखडलेली आहे, हे तर सगळ्यांना माहीत आहे, आणि ती केल्याशिवाय यातलं काही होणार नाही. तोवर एक करता येईल. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला. आग विझवताना दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो. संचलन होतं, शाळांत प्रात्यक्षिकं होतात, मुलांना बंबावर बसवून फोटो काढतात. हा सगळा आठवडा दरवर्षी एका वॉर्डातल्या दुकानावरच्या बिऱ्हाडांना दिला तर? त्यासाठी नवं पद लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. मुंबईत सिद्धार्थ कॉलनीपासून सुरुवात करावी, संभाजीनगरात छावणीपासून (तो भाग कटक मंडळाचा, म्हणजे कँटोन्मेंट बोर्डाचा, म्हणून महापालिकेने हात झटकू नयेत) आणि पिंपरी-चिंचवडात पूर्णानगरापासून. यंदा किती घरांत गेलो, किती जाळ्या उघडत्या झाल्या, किती मीटर हलले, याचा आकडा महापालिकेच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात बंबखरेदीच्या ओळीखाली छापावा.